मे महिन्यात श्रीलंका? मग पूर्वेकडं जा

मराठवाड्यातून श्रीलंकेचे बेत बहुतेक दोनच वेळी ठरतात: दिवाळीची सुट्टी, नाहीतर मे महिना. टूरवाल्यांचा कार्यक्रम मात्र बाराही महिने तोच असतो: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटी बेंटोटाचा समुद्रकिनारा. घोळ इथंच होतो. बेट छोटं असलं तरी तिथं पावसाळे दोन आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या बाजूंना पडतात.

साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य मोसमी वारे पश्चिम आणि दक्षिण किनारा झोडपतात. मधले डोंगर ढग अडवतात, त्यामुळं त्याच दिवसांत पूर्वेचं त्रिंकोमाली बऱ्यापैकी कोरडं असतं. महाबळेश्वर धो धो भिजतं आणि बीडवरून ढग नुसते सरकत जातात, तसंच. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य वाऱ्यांची पाळी. तेव्हा पूर्व आणि उत्तर भाग ओला, तर दक्षिणेला गॉल-मिरिसाकडं छान ऊन. तिथली भातशेतीही याच तालावर चालते: मोठा हंगाम ‘महा’, लहान हंगाम ‘यल’.

म्हणून लंकेला कधी जावं हे विचारण्यापेक्षा, सुट्टी आधी धरा आणि किनारा नंतर निवडा.

मेमध्ये जाणार असाल तर बेंटोटा, मिरिसा सोडा. समुद्र खवळायला लागतो, पोहायला बंदी येते, मिरिसाच्या व्हेल दाखवणाऱ्या बोटींचा हंगामही एप्रिलअखेर आटोपत आलेला असतो. त्याऐवजी कोलंबोहून अनुराधापूर, सिगिरिया, पोलोन्नरुवा आणि तिथून त्रिंकोमाली असा रस्ता धरा. कोनेश्वराचं मंदिर समुद्रावरच्या कड्यावर आहे, जवळच्या निलावेलीचं पाणी या दिवसांत शांत असतं. पारा ३३-३५ अंशांवर राहतो. आपल्या ४२ पुढं हे काहीच नाही असं वाटेल, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि माणूस लवकर थकतो. सिगिरियाच्या सुमारे १,२०० पायऱ्या सकाळी सातलाच चढायला घ्या. या भागाला तिथले लोक ‘कोरडा पट्टा’ म्हणतात. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही कोरडा! आपण ७००-८०० वर दिवस काढतो. पोलोन्नरुवाचा बाराव्या शतकातला पराक्रम समुद्र हा तलाव मात्र पाणी साठवण्याचा धडा म्हणून आपल्या लोकांनी मुद्दाम पाहावा.

अनुराधापूरचा श्री महाबोधी वृक्ष पाहायला आपल्याकडून अनेक बौद्ध उपासक जातात. वैशाखी पौर्णिमेचा वेसाक आणि त्यानंतरच्या पौर्णिमेचा पोसोन, या दिवसांत गर्दी प्रचंड असते. पोसोनला तर अनुराधापूर-मिहिंतले भागात खोली मिळणंच अवघड. तारीख तिथल्या सरकारी कॅलेंडरवरून बघा, आपल्या पंचांगावरून नको.

दिवाळीचं काय? खरं सांगायचं तर टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन पावसाळ्यांच्या मधला काळ म्हणून उघडीप असेल असं वाटतं, पण जवळजवळ सगळ्या बेटावर जोराचा पाऊस याच वेळी होतो. दुपारनंतर गडगडाट, वर बंगालच्या उपसागरातली वादळं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दित्वा चक्रीवादळानं डोंगराळ भागात दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली, रेल्वेमार्गही उखडले. जायचंच असेल तर डोंगर वगळा, फिरणं सकाळी उरका आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. कँडी-एल्ला रेल्वे कुठपर्यंत चालू आहे, ते निघण्याआधी विचारा.

नुवारा एलिया सुमारे १,८७० मीटरवर आहे. स्वेटर कोणत्याही महिन्यात लागतो. पाऊस दोन्ही हंगामांत येतो, जानेवारी ते मार्च त्यातल्या त्यात बरा. १३-१४ एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला तिथं दर चढतात, इतरत्र दुकानं बंद असतात. जवळच्या हॉर्टन प्लेन्स पठाराच्या कड्यावर नऊच्या आत पोहोचा, नंतर धुक्यात काही दिसत नाही.

शाळकरी मुलं सोबत नसतील, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य घ्या. पश्चिम कोरडी, पूर्व निवळत आलेली, डोंगर मोकळे. दोन्ही किनारे एकाच फेरीत होतात. हरभरा काढणीला असेल, तर तो घरात पडल्यावर निघा, पण मार्च संपू देऊ नका. नैऋत्येकडं मग दुपारच्या वळवाच्या सरी वाढतात. विमान मुंबईहून आहेच, पण नांदेड-लातूरकरांनी हैदराबादचे दरही बघावेत.