पहिली बाटली खपली, पण दुसरी? आमच्या तेलघाण्याचा अनुभव

२०२१ च्या दिवाळीत आम्ही सोलापुरात लाकडी घाणा टाकला. शेंगदाणा आणि करडई, दोनच तेलं. ह्यांनी बारा वर्षं औषध कंपनीत एमआर म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या दारोदार फिरून औषधं खपवण्यात काढलेली, त्यामुळे दारात उभं राहिल्याशिवाय माल खपत नाही यावर त्यांचा पक्का विश्वास. मी आधी शाळेत शिकवायचे. मला वाटायचं, लोकांना तेल कसं निघतं तेच ठाऊक नाही, मग ते दुप्पट पैसे का मोजतील? हा वाद आमच्या घरात दीड वर्ष चालला. आता कुणी नवा घाणा टाकला की मला विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात ह्यांच्या पद्धतीनं झाली आणि ते बरोबरच होतं. बँकेचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जायचा, त्याला थांबणं माहीत नव्हतं. दोन मुलं ठेवली, पगार आणि वर बाटलीमागे वीस रुपये. जुळे सोलापूर, विजापूर रोड, एकेक अपार्टमेंट धरून सकाळ-संध्याकाळ फिरायचं. पहिल्या महिन्यात २४० बाटल्या गेल्या. आम्ही पेढे वाटले.

पुढचे दोन महिने मी वही घेऊन बसले. चार माणसांच्या घरात लिटरभर तेल फार तर दहा-पंधरा दिवस जातं. म्हणजे २४० घरांतून एव्हाना तीन-चार वेळा मागणी यायला हवी होती. पुन्हा मागवणारी घरं निघाली ३१. बाकीच्यांनी काय केलं, ते मी फोन करून विचारलं. कुणी म्हणालं, 'मुलगा लई मागं लागला म्हणून घेतलं की ओ ताई.' कुणी सांगितलं तेल फेसाळलं, कुणाला वास उग्र वाटला, एकीला फ्रिजमध्ये तेल गढूळ झालेलं दिसलं म्हणून तिनं ते भेसळीचं समजून ठेवून दिलं. यातली एकही गोष्ट तेलाचा दोष नव्हती. दारात ती सांगायला वेळच नव्हता, मुलाला पुढचा मजला गाठायचा होता.

आणि मग तो फोन आला. एका काकूंना आमच्या मुलानं सांगितलं होतं की हे तेल सुरू केलं की कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येते. काकांची अँजिओप्लास्टी झालेली. गोळी थांबवण्याआधी त्यांनी मला विचारलं, हे आमचं नशीब. मी त्यांना सांगितलं, गोळी अजिबात बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते. खाद्यपदार्थ विकताना तो आजार बरा करतो असं सांगायला कायद्यानं बंदी आहे, पण कायद्यापेक्षा मला त्या काकांचा चेहरा दिसत होता, जो मी कधी पाहिलाही नव्हता. मुलाला दोष देऊन भागणार नव्हतं. बाटलीमागे वीस रुपये आम्हीच ठरवले होते.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, 'अहो, आता मला सहा महिने द्या.'

ते म्हणाले, 'हप्ता कोण भरणार? लिहिलेलं वाचून लगेच कुणी तेल घेत नाही.'

तेही खरंच होतं. शेवटी असं ठरलं की फिरती विक्री बंद, पण जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आणि रविवारी एका सोसायटीत स्टॉल लावायचा आणि तिथे आम्ही दोघांनीच उभं राहायचं. बाकी दर गुरुवारी मी व्हॉट्सॲपवर एक मजकूर लिहायचा.

पहिला मजकूर दराचा लिहिला. रिफाइंडची पिशवी आमच्या निम्म्या भावात मिळते, मग आमचं तेल ३८० ला का? मी हिशोबच मांडला. एक लिटर शेंगदाणा तेलाला अडीच किलो दाणे लागतात, त्या वेळच्या १३० च्या भावानं ३२५ रुपये. दीडेक किलो पेंड निघते, तिचे ६५ मिळतात. वीज, मजुरी, बाटली, लेबल, पोचवणं मिळून ७० धरा. उरतात ५०. हे वाचून ह्यांनी कपाळाला हात लावला, 'आपला नफा जगाला सांगतेस?' मला मात्र लपवण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं.

पण तो मजकूर जगाला गेलाच नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात, आणि मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच. आमच्या यादीत २४८ नंबर होते, मेसेज पोचल्याच्या खुणेच्या दोन टिका आल्या ४३ जणांच्या. इतकी दारं वाजवून फक्त ४३ घरांनी आमचं नाव फोनमध्ये ठेवलं होतं! वहीतल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा आकडा मला जास्त बोलका वाटला, आणि तेव्हापासून विक्रीच्या जोडीला मी दोन टिकाच मोजू लागले.

जून ते ऑक्टोबर फार कठीण गेले. विक्री निम्म्यावर आली. दोन हप्त्यांसाठी माझ्या पाटल्या बँकेत ठेवाव्या लागल्या. लेख लिहून हळूहळू गिऱ्हाईक जोडा असं सांगणारे हा काळ कसा काढायचा ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगते: गाठीशी निदान सहा महिन्यांचे हप्ते नसतील तर दारोदारची विक्री एकदम सोडू नका. आम्ही सोडली आणि सोनं होतं म्हणून तरलो.

या काळात काय लिहावं हे मला रविवारच्या स्टॉलनं शिकवलं. लोक जे विचारायचे ते मी वहीत टिपायचे आणि गुरुवारी त्याचंच उत्तर द्यायचे. लिटर आणि किलोचा घोळ सगळ्यात जुना. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, त्यामुळे किलोचा भाव आणि लिटरचा भाव शेजारी ठेवून तुलना केली की फसायला होतं. फ्रिजचं कोडंही तसंच. शेंगदाणा तेल गारठ्यात गढूळ होतं, गोठतं, करडईचं पातळच राहतं. तो तेलाचा स्वभाव आहे, आणि गोठलं म्हणजे शुद्ध असंही समजू नका, हेही मी लिहिलं. काही जण किटली घेऊन सुटं तेल मागायला यायचे, त्यांच्यासाठी सुट्या विक्रीला बंदी का आहे ते लिहिलं.

सगळंच चाललं नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्हिडिओ अकरा हजार लोकांनी पाहिला, ऑर्डर आल्या दोन. उलट फेसाळण्यावरचा साधा मजकूर शंभरेक जणांनीच वाचला असेल, पण त्या आठवड्यात तेल टाकून दिलेल्या सात बायकांनी पुन्हा मागवलं. तेव्हापासून व्ह्यूजच्या मागे लागले नाही.

२०२४ च्या संक्रांतीला एका वहिनींनी हळदीकुंकवाच्या वाणासाठी शंभर मिलीच्या साठ बाटल्या मागितल्या. मी प्रत्येक बाटलीला एक चिठ्ठी बांधली: तेल कधी काढलं, दाणे कुठले, फोडणीला कसं वापरायचं. त्याच आठवड्यात ह्यांनी गड्ड्यावर आपणहून यात्रेतल्या लहान मुलांना जवळ बोलावून दाणे आणि पेंड हातात देऊन समजावलं. त्यांचं बोलणं माझ्या लिहिण्यापेक्षा सरस आहे, फक्त आता ते बाटली पुढे करत नाहीत. फेब्रुवारीअखेर दोन टिकांचा आकडा १६० झाला आणि विक्री पहिल्या महिन्याच्या वर गेली, मुलांच्या पगाराशिवाय.

मेस आणि खानावळींचं गणित मात्र वेगळं. तिथे माझा मजकूर कुणी वाचत नाही. तिथे ह्यांनी डबा घेऊन जायचं, आचाऱ्याच्या कढईत तेल ओतून दाखवायचं, भाव ठरवायचा. ते काम त्यांच्याकडेच आहे.

गेल्या मार्चमध्ये आम्ही मंगळवेढ्याकडे करडईची काढणी बघायला गेलो. करडईला काटे असतात, म्हणून पहाटे दव असताना, काटे मऊ असतात तेव्हा काढतात. बायकांनी हाताला फडकी गुंडाळली होती. ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी का लावतात ते एका मावशींनी दाखवलं, काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत. लिटरभर तेलाला अशी साडेतीन-चार किलो करडई लागते. मी त्यांचे हात तेवढे चित्रित केले, चेहरे नाही, तेही त्यांना विचारून. त्या गुरुवारी करडईच्या दरात तीस रुपये वाढ कळवायची होती. ह्यांनी विचारलं, 'आधी दर लिहिणार की आधी हात दाखवणार?' मी आधी दर लिहिला, खाली हिशोब, आणि शेवटी ते हात.