पार्सलने आलेली 24 अंडी: उबवणीची नोंदवही

मागच्या खेपेला पार्सलने मागवलेल्या कोंबडीच्या 24 अंड्यांतून फक्त 3 पिल्लं निघाली होती. उबवणीचं यंत्र बरोबर होतं, त्यात पाणी वेळेवर घालत होते, तरी तीनच. खूप दिवस मनाला लागून राहिलं. तेव्हा अंडी आली त्याच संध्याकाळी मी ती यंत्रात आडवी ठेवली आणि पहिल्या दिवसापासून फिरवायला लागले. घरच्या कोंबडीखालून उचललेल्या ताज्या अंड्यांना हे चालतं. चार दिवस गाडीत हादरे खात आलेल्या अंड्यांना चालत नाही, हे नंतर निकामी अंडी फोडून बघताना कळलं. म्हणून या वेळी प्रत्येक अंड्याला नंबर दिला आणि सगळं लिहून ठेवलं.

पार्सल आलं

अंडी घातल्याची तारीख पाठवणाऱ्या ताईंनी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने लिहिली होती. पार्सल हातात पडलं तेव्हा सगळ्यात जुनं अंडं सहा दिवसांचं होतं. सातव्या दिवसानंतर अंड्याची उबवणक्षमता उतरायला लागते, म्हणजे आपण काठावरच होतो. प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळलेलं, निमुळतं टोक खाली. तरी कोपऱ्यातली दोन तडकली होती, ती बाजूला काढली. उरली 22.

धुतलं एकही नाही. कवचावर जो नैसर्गिक लेप असतो तोच छिद्रांतून जंतू आत जाऊ देत नाही, आणि धुतलं की तो जातो. एका अंड्याला थोडी घाण चिकटली होती, ती कोरड्या नखाने खरवडली.

मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च. मागच्या वेळी ही पायरी मी गाळली होती. अंड्याच्या रुंद टोकाला हवेचा कप्पा असतो. चांगल्या अंड्यात तो टोपीसारखा जागेवर बसलेला दिसतो. प्रवासात हादरे बसले की कवचाच्या आतली दोन पापुद्री आवरणं एकमेकांपासून सुटतात आणि कप्पा मोकळा होतो. 11 नंबरचं अंडं टॉर्चवर धरून जरासं कललं केलं, तर गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी हवा एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकली आणि कवचाच्या कडेने जवळजवळ अर्ध्यापर्यंत खाली उतरली. सरळ धरल्यावर घोड्याच्या खोगिरासारखा आकार दिसला. त्या आकाराची रेघ मी मऊ पेन्सिलीने कवचावर मारून ठेवली. असं 22 अंड्यांचं केलं. 8 अंड्यांत कप्पा जागेवर, 14 अंड्यांत सुटलेला.

नंतर सगळी अंडी निमुळतं टोक खाली करून ट्रेमध्ये 24 तास तशीच ठेवली, खोलीच्या तापमानाला. फ्रिजमध्ये नाही, उन्हाजवळ नाही. हात लावला नाही.

यंत्राची तपासणी

अंडी विसावत होती तेवढ्या वेळात हे काम उरकलं. माझं यंत्र पंख्याचं आहे, म्हणजे 37.5 अंश सेल्सिअस हवं. पडद्यावर 37.5 दिसत होतं. आत ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर ठेवला तर 37.1. हा थर्मामीटर नेमक्या याच पट्ट्यात अचूक असतो आणि घरात असतोच, त्याच्यावर मी यंत्राच्या पडद्यापेक्षा जास्त विश्वास ठेवते. पडद्यावर 37.9 लावलं तेव्हा आत 37.5 भरलं. अर्धा अंश किरकोळ वाटतो, पण 21 दिवस तो कमी राहिला तर पिल्लं उशिरा आणि अशक्त निघतात.

आर्द्रतेच्या मीटरसाठी मिठाची चाचणी: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चिखलासारखं होईल इतकंच पाणी, मीटरसकट झाकबंद पिशवीत रात्रभर. बंद जागेत ओल्या मिठावर हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर होते. माझा मीटर 81 दाखवत होता. म्हणजे इथून पुढे प्रत्येक आकड्यातून 6 वजा.

दिवस 0 ते 3

यंत्रात ठेवलं तो दिवस शून्य, 24 तासांनी पहिला दिवस पूर्ण. मोजणीत इथेच एक दिवस चुकतो आणि मग शेवटी जीव टांगणीला लागतो.

अंडी या वेळी आडवी ठेवलीच नाहीत. कागदी ट्रेच्या तळाला हवा खेळायला भोकं पाडली आणि अंडी उभीच ठेवली. पहिले तीन दिवस अजिबात हलवली नाहीत, सुटलेला कप्पा जिथे बसेल तिथे बसू दे म्हणून. आणखी थांबायचा मोह होता. पण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या काळात हलवणं फार गरजेचं असतं. नाहीतर गर्भ आवरणाला चिकटू शकतो आणि रक्तवाहिन्यांचं जाळंही नीट पसरत नाही. तीन दिवस हा मी काढलेला मध्य.

दिवस 4 ते 6

चौथ्या दिवसापासून अंडी नाही, ट्रे कलंडवायला लागले. एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा, साधारण 45 अंश, दिवसातून तीन वेळा बाजू बदलायची. वेळा विषम ठेवल्या म्हणजे रात्रीचा लांब पल्ला रोज वेगळ्या कुशीवर जातो. बाकी काही नाही.

दिवस 7

टॉर्च. 5 अंडी कोरी, आत काहीच वाढलेलं दिसत नव्हतं. 3 अंड्यांत रक्ताचं कडं, म्हणजे गर्भ सुरुवातीलाच गेलेला. 14 जिवंत.

कोरी पाचही फोडून पाहिली. तिघांत बलकावर बारीक घट्ट पांढरा ठिपका, ही फलितच नव्हती. दोघांत ठिपका पसरट चकतीसारखा झाला होता, म्हणजे फलित होती, पण वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच थांबली. हे करून पाहाच, कारण कोऱ्या अंड्यांचा सगळा दोष आपण कोंबड्यावर टाकतो आणि प्रवासात गेलेली तशीच मोजायची राहतात.

11 नंबर जिवंत! कोळ्यासारख्या पसरलेल्या लाल शिरा, मध्ये गडद डोळा, आणि मी बघत असताना गर्भ झोका घेतल्यासारखा हलला. कप्पा अजून वाकडाच, पण आता तिरकं केल्यावर सरकत नव्हता. नवी रेघ मारली.

वजनही केलं. सुरुवातीचं सरासरी वजन 54 ग्रॅम. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं 11 ते 13 टक्के वजन पाण्याच्या वाफेने कमी व्हायला हवं, त्या हिशेबाने सातव्या दिवशी साधारण अडीच ग्रॅम. माझी अंडी 1.9 ग्रॅमनेच उतरली होती. आत ओल जास्त होती. 50 वरची आर्द्रता 40 वर आणली. आर्द्रतेच्या आकड्यावरून वाद घालत बसण्यापेक्षा अंड्याचं वजन करावं, ते खरं सांगतं.

दिवस 14

आणखी 2 गेली, दोन्ही सुटलेल्या कप्प्याची. 12 राहिली. वजन 4.6 ग्रॅमने कमी, गाडी रुळावर.

दिवस 18

कलंडवणं बंद. ट्रे सपाट, अंडी उभीच, आर्द्रता 66. वजनातली घट सरासरी 6.3 ग्रॅम, म्हणजे पावणेबारा टक्क्यांच्या आसपास. 11 नंबर 55 वरून 48.4. आता झाकण उघडायचं नाही, काही झालं तरी.

दिवस 19 ते 21

एकोणिसाव्या रात्री दिवा मालवून यंत्राला कान लावला. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, काडी मोडल्यासारखी टकटक, आणि पाठोपाठ एक दबका चिवचिवाट. कुणीतरी आतलं आवरण फोडून हवेच्या कप्प्यात चोच घातली होती. पिल्लाचा तो पहिला श्वास. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

विसाव्या दिवशी पहाटे 4 नंबरला पहिला टवका. नंतर तासन् तास शांतता. ही शांतता माहीत नसली तर माणूस घाबरून झाकण उघडतो. त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि आवरणातल्या शिरांमधलं रक्त अंगात परत घेतं. रात्री त्याने कवच कापायला घेतलं. रुंद टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने, एक टोचा, विश्रांती, पाय रेटून जरासं वळणं, पुन्हा टोचा. टोपी उघडली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

एकविसाव्या दिवशी सहा आली. पिसं सुकेपर्यंत आतच ठेवली. पोटात घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं, त्यामुळे खायला घालायची घाई नसते.

दिवस 22

सकाळी आठवं पिल्लू आलं. 11 नंबरने आदल्या दुपारीच टवका काढला होता आणि त्यानंतर 20 तास पुढे काहीच नाही. चिवचिव क्षीण होत चालली होती. भोकातून दिसणारं आवरण कागदासारखं कोरडं आणि पिवळट पडलेलं.

पिल्लाला मदत करू नये, हे मीही मानते. पण या अंड्याचा कप्पा पहिल्या दिवसापासून वाकडा होता, टवका जिथे पडला तिथे वळायला जागाच नव्हती. आधी बाकीची पिल्लं ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबदार पेटीत, 35 अंशांवर हलवली. मग कोमट पाण्यात भिजवलेली कापसाची काडी आवरणावर फिरवली. ओलं झाल्यावर ते पारदर्शक होतं आणि शिरा दिसतात. वरच्या बाजूला शिरा रिकाम्या होत्या, तेवढंच कवच चिमट्याने कणाकणाने काढलं. एका जागी रक्ताचा ठिपका दिसला, तिथेच थांबले. अंडं परत यंत्रात. पाच तासांनी पाहिलं तेव्हा ओल्या आवरणावर शीर उरली नव्हती. आणखी नखाएवढं कवच काढलं आणि मान मोकळी केली. बाकीचं त्याने स्वतः रेटलं.

दिवस 23

उरलेली तीन फोडली. एकात पूर्ण वाढलेलं पिल्लू, डोकं निमुळत्या टोकाला. एकात पूर्ण वाढलेलं, पण बलक बाहेरच आणि चोच कप्प्यापर्यंत पोचलेलीच नाही. तिसरं सोळाव्या दिवसाच्या सुमाराचं वाटलं.

22 पैकी 9. फलित 19 धरली तर 47 टक्के. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा हिशेब: जागेवरच्या कप्प्याच्या 8 अंड्यांतून 6 पिल्लं, सुटलेल्या 14 मधून 3. कळप वेगळा, ऋतू वेगळा, तेव्हा मागच्या खेपेशी सरळ तुलना होत नाही, हे मान्य. तरी पहिल्या दिवशी टॉर्चवर मारलेल्या पेन्सिलीच्या रेघेने जेवढं आधी सांगितलं, तेवढं नंतरच्या कुठल्याच मोजमापाने सांगितलं नाही.

पुढच्या पार्सलमधली सुटलेल्या कप्प्याची अंडी दोन गटांत वाटणार आहे. अर्धी तीन दिवस स्थिर, अर्धी पाच दिवस. उभी सगळीच. नव्या ट्रेला भोकं पाडून ठेवली आहेत.