एमजीए, मामा आणि वीस टक्के इथेनॉल

रविवार

किल्ली फिरवली की माझ्या एमजीएच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, मागच्या बाजूने टिकटिक ऐकू येते. तो पेट्रोलचा पंप. पुढच्या दोन्ही कार्बोरेटरच्या (पेट्रोल नि हवा मिसळणाऱ्या भागांच्या) वाट्या भरल्या की तो आपसूक गप्प होतो, मग डॅशबोर्डवरची मूठ ओढून स्टार्टर मारायचा. आज तो गप्प बसेचना. जरा थांबायचा, पुन्हा एक टिक. परत जरा थांबून आणखी एक. म्हणजे पेट्रोल कुठून तरी गळतंय. बॉनेट उघडलं तर मागच्या कार्बोरेटरकडे जाणारी नळी ओली. चिमटीत धरली तर रबर मऊ पडलेलं, बोटांना काळं लागलं. आणि या इंजिनात कार्बोरेटर नि धूर बाहेर नेणारं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, वर-खाली. थेंब पडला तर थेट तापलेल्या लोखंडावर. किल्ली काढली, बॅटरीची वायर सोडवली. रविवारचे उसळ-पोहे घरीच झाले.

नळी तशी जुनी नाही. पण ती घातली तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं. आता पेट्रोल पंपावर ई-20, म्हणजे शंभर लिटरमागे वीस लिटरपर्यंत इथेनॉल. साधं रबर त्याने आधी फुगतं, मग भेगाळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहिली की टाकी आतून गंजायला लागते. शिवाय त्याला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा पुरते, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन तापतं. आजच्या गाडीत हे सगळं सेन्सर सांभाळून घेतो. 1958 च्या एमजीएत सेन्सर म्हणजे मीच. कार्बोरेटरच्या बुडाशी एक षट्कोनी नट असतो. तो खालच्या बाजूला फिरवला की पेट्रोल सोडणारं जेट उतरतं आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच पैलू फिरवायचा. मग आतला पिस्टन स्क्रू-ड्रायव्हरने केसभर उचलून कान द्यायचा. वेग क्षणभर वाढून परत जागेवर आला तर बेस्ट. वाढलेलाच राहिला तर रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन. दोन कार्बोरेटर, म्हणजे हे दोनदा, आणि मग दोघांची हवा सारखी आहे का ते पाहायला रबरी नळीचं एक टोक कानाला लावून बसायचं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू गॅलरीतून हे रोज बघतात. गाडी आजारी आहे, असं त्यांचं ठाम मत झालेलं आहे.

ई-20 ला सरसकट शिव्या द्यायच्या नाहीत, असं मी ठरवलंय. त्याचा ऑक्टेन चांगला असतो आणि चढावर इंजिन खडखडत नाही, ही गोष्ट इंदूरजवळच्या सिमरोलच्या घाटात मला स्पष्ट जाणवली. खरा त्रास मे महिन्यातला. बेचाळीस डिग्रीत शहरात पलासियाला सिग्नलवर अडकलं की वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि गाडी मुकाट बंद पडते. मग बॉनेट उघडून उभं राहायचं. लोक फोटो काढतात.

मंगळवार

सियागंजातून इथेनॉल सोसणारी नळी आणली. दुकानदाराने आधी साधीच पुढे केली होती. "मॅडम, सब यही ले जाते हैं." नळीवर बारीक अक्षरात ग्रेड छापलेली असते, ती बघूनच घ्यायची. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदलायचे, पंपाचा पडदासुद्धा. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये जाड इन्सुलेटर, आणि उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर नवा थर.

संध्याकाळी मेकॅनिक उस्तादांकडे. त्यांची अख्खी हयात अ‍ॅम्बॅसिडरमध्ये गेली. एमजीए पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते तिच्याभोवती फिरले, बॉनेटमध्ये डोकावले आणि हसले. "दीदी, ये तो अपनी अम्बेसडर की बहन है." अगदी बरोबर. दोघींचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजचं, 1489 सीसी, बोअर 73 मिलिमीटर, स्ट्रोक 88.9. उत्तरपाड्याच्या कारखान्यात टॅक्सीसाठी आणि सरकारी साहेबांसाठी जे इंजिन वर्षानुवर्षं ओतलं गेलं, तेच ॲबिंग्डनमध्ये दोन कार्बोरेटर लावून, कॉम्प्रेशन (मिश्रण दाबण्याचं प्रमाण) वाढवून एका बुटक्या दोन-सीटरमध्ये बसवलं होतं. अ‍ॅम्बॅसिडरची ताकद जेमतेम पन्नासेक हॉर्सपॉवर, एमजीएची 72 पर्यंत.

म्हणून तर ही गाडी इंदूरमध्ये जिवंत राहिली. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात छोटी ग्वालटोलीत अ‍ॅम्बॅसिडरचा माल मिळायचा आणि त्यातलं बरंच काही बसायचं. पण बसतं म्हणून चालतंच असं नाही. गाडी आधी माझ्या मामांची होती, त्यांच्या काळात कुणी तरी तिच्यात अ‍ॅम्बॅसिडरचे पिस्टन घातले होते. माप तेच, पण ते कमी कॉम्प्रेशनचे. गाडी धावायची, तक्रार काही नसायची, फक्त तिच्यातली मजा गेली होती. उस्तादांनी इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा ते कळलं. त्याच वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीटा बसवून घेतल्या, कारण शिसं असलेलं पेट्रोल देशात फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं आणि जुन्या हेडमधल्या सीटांना झीज टाळायला त्या शिशाचाच आधार होता. हा बदल बाहेरून दिसत नाही, कुणाला सांगावाही लागत नाही, आणि हजारो किलोमीटर टिकतो. अपग्रेड असावं तर असं.

शुक्रवार

मामांना फोन केला. ते रामबागेत राहतात, नव्वदीच्या घरात आहेत. इंदूरबाहेरच्या महू छावणीतल्या एका फौजी अधिकाऱ्याकडून ही गाडी त्यांनी घेतली, आणि माझ्या ताब्यात देताना किल्लीबरोबर अटींची यादीही दिली. फुलांच्या दुकानाशेजारी गाडी लावायची नाही, ही त्यातली एक अट. कारण आजतागायत समजलेलं नाही.

"मामा, ब्रेकचं काय करू?"

"काय झालंय ब्रेकला?"

"झालं काही नाही. पण चारही चाकांना ड्रम आहेत आणि पाइपलाइन एकच. एक नळी फुटली तर चारही गेले."

"मग नळ्या बदल. ड्रमला हात लावू नकोस."

डिस्क ब्रेकचा मोह मला बरेच दिवस झालाय. खुद्द एमजी कंपनीनेच 1959 च्या 1600 मॉडेलला पुढे डिस्क दिले, म्हणजे हा काही परका अवयव नव्हे. मामांचं म्हणणं, ती वेगळी गाडी. यावर वाद घालत बसले तर सानंद या संस्थेचं नाटक चुकलं असतं, आई तयार होऊन दारात उभी होती. ड्रम ठेवले. नव्या नळ्या, नवीन लायनिंग, ब्रेक सिलिंडरच्या किट्स, आणि दर थोड्या दिवसांनी चाक उचलून अ‍ॅडजस्टमेंट. बायपासवर ट्रकच्या मागे मी जरा जास्तच अंतर ठेवते, मागचे हॉर्न वाजवत बसतात, वाजवू देत.

डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, टोपीखाली मात्र मी जुन्या पॉइंट आणि कंडेन्सरऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. हल्ली मिळणारे कंडेन्सर इतके बेभरवशाचे आहेत की पॉइंटच्या फटीत फीलर गेज घालून बसण्यातला रोमान्स कधीच संपला. गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, तेव्हा इग्निशनचं मॉड्युलही त्याच जातीचं लागतं. उलटं जोडलं तर एका क्षणात राख. जुने पॉइंट दाराच्या खिशात पुडीत ठेवलेत. वाटेत मॉड्युल गेलं तर ते बसवून घरी येता येतं.

पाच गिअरच्या बॉक्सला मी स्वतःच नाही म्हटलं. त्याची किट परदेशात मिळते. पण आत्ताच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअर सहज बसवणारी सोय, नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, हे माझ्या डाव्या पायाला आणि हाताला आता पाठ आहे. ते काढून टाकलं तर उरेल एक सुंदर बॉडी आणि आत दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा स्वभाव. इंदूरमध्ये जुन्या गाडीचा विषय निघाला की कुणी ना कुणी यशवंतराव होळकरांच्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीवर येतंच. ती 1930 च्या दशकातली, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली, महाराजांच्या मनाप्रमाणे. तिच्याशी आमच्या गाडीची काय बरोबरी. पण एक आहे, हवी तशी गाडी बांधून घेण्याची हौस या शहराला आधीपासूनच आहे.

फळ्यांवर मात्र मामा आणि माझं पूर्ण एकमत. एमजीएचा तळ लाकडी असतो, प्लायवूडचा. पायाखालची फळी उचलली तर खाली रस्ता. या पावसाळ्याआधी मरीन प्लाय कापून, कडांना वार्निश पाजून नव्या बसवणार आहे. मूळच्या फळ्यांपेक्षा हा प्लाय नक्कीच सरस, पण मामा म्हणाले, लाकूड ते लाकूड.

रविवार

कागदपत्रं काढून बसले. नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलंय. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांपेक्षा जुन्या आयात चारचाकीला फी 80,000 रुपये, आणि दर पाच वर्षांनी हे परत. दुसरा मार्ग व्हिंटेज नोंदणीचा. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी 20,000, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे मामांनी डिस्क नको म्हटलं तेच बरं झालं. पण खरी मेख पुढे आहे. व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? मला ती चालवायची आहे. राजेंद्र नगरमधून पहाटे निघावं, बाहेरून हँडल नसलेल्या दारात हात घालून आतली दोरी ओढावी, आणि महूच्या वाटेवर राऊच्या पुढे मोकळा रस्ता लागला की तिसऱ्या गिअरमध्ये जरा ताणावी. प्रदर्शनात दोरीच्या पलीकडे उभी करून तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला मी नळ्या बदलत नव्हते. पण 80,000 म्हणजे 80,000. तेवढ्यात चार चांगले टायर आले असते.

संध्याकाळी रामबागेत जाऊन मामांना दोन्ही हिशोब वाचून दाखवले. त्यांनी चष्मा लावून कागद स्वतः परत वाचला.

"पेट्रोल भरायला नेता येते म्हणतेस?"

"हो, तसं नियमात आहे."

"कुठल्या पंपावर, ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग महूला भरायचं," मामा म्हणाले. "आणि टाकी कधी पूर्ण भरायची नाही."