तिसरीची वाट पाहताना

धावणाऱ्यांच्या क्लबमध्ये वर्षभर काही ना काही चालूच असते. रविवारची लांब दौड, आठवड्याच्या मध्यावरचा वेगाचा सराव, नव्या सभासदांची ओळख, वर्षाअखेरचा बक्षीस समारंभ हे सगळे ठरल्याप्रमाणे होत राहते. पण आम्हा महिला सभासदांचे वर्ष सुरू होते ते महिलांच्या पाच किलोमीटर शर्यतीपासून. त्या दिवशी शेजारच्या क्लबांचे संघ येतात, क्लबमधले पुरुष सभासद शिट्ट्या आणि झेंडे घेऊन वळणावळणावर उभे राहतात, आणि एरवी पहाटेच्या अंधारात एकेकट्या धावणाऱ्या बायका दिवसाउजेडी, एकाच रंगाचे बनियन घालून, एका रेषेवर येतात.

अंतर लहान म्हणून या शर्यतीला हलके समजणारे लोक भेटतात. मला ते कधीच पटलेले नाही. लांबच्या शर्यतीत एखादा किलोमीटर बिघडला तरी तो पुढे सावरता येतो. पाच किलोमीटरमध्ये मात्र पहिल्या किलोमीटरला केलेला अतिउत्साह चौथ्या किलोमीटरला वसूल होतोच, आणि तेव्हा सावरायला रस्ता उरलेला नसतो. शिवाय हे अंतर स्त्रियांना सहजासहजी मिळालेले नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या, त्यानंतर ती शर्यत बंद झाली आणि १९६० सालापर्यंत परत आली नाही. आमच्या क्लबमधल्या सर्वांत ज्येष्ठ ताई शाळेत होत्या, त्या काळात ऑलिंपिकमध्येसुद्धा स्त्रियांसाठी ८०० मीटरच्या पुढची धावण्याची शर्यत नव्हती. १५०० मीटर १९७२ मध्ये म्युनिकला आली, मॅरेथॉन १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला, आणि ५००० मीटर तर थेट १९९६ मध्ये अटलांटाला. ताई दर वर्षी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या राहून बुटाची नाडी पुन्हा एकदा घट्ट करतात, तेव्हा मला हा सगळा हिशेब आठवतो.

या शर्यतीच्या अनेक वर्षांतले मला सर्वांत आवडते वर्ष मुसळधार पावसाचे आहे. आदल्या रात्रीपासून पाऊस लागला होता. सकाळी तो कमी होईल असे सगळ्याच एकमेकींना सांगत होत्या आणि तो वाढत होता. शर्यत पुढे ढकलावी का, अशी चर्चा समितीत थोडा वेळ झाली. विजा कडाडत असत्या तर ती थांबवायलाच हवी होती, त्यात मतभेदाला जागाच नाही. नुसत्या पावसासाठी मात्र ती थांबवू नये असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

शर्यतीपूर्वीचा तो अर्धा तास पाहण्यासारखा होता. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्यांना डोक्यापुरते आणि हातांपुरते भोक पाडून सगळ्यांनी त्या अंगात घातल्या होत्या, कारण थांबलेल्या अवस्थेत भिजणे हे धावताना भिजण्यापेक्षा कितीतरी वाईट असते. ज्यांना अनुभव होता त्या नवख्या मुलींच्या टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावून देत होत्या, कारण ओला मोजा फोड आणल्याशिवाय राहत नाही. सुती टी-शर्ट घालून आलेल्या एकीला कोणीतरी आपला जादा बनियन काढून दिला. पुढे झाप असलेल्या टोप्या या हातातून त्या हातात जात होत्या. पाणी डोळ्यांत गेले नाही तर निम्मे काम सोपे होते, असे आमच्या प्रशिक्षक काकू सारख्या सांगत होत्या.

मार्ग आमच्या रोजच्या ओळखीचाच होता, पण त्या दिवशी तो नव्याने शिकावा लागला. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे पावसात अतिशय निसरडी होतात. त्यावर पाय पडू नये म्हणून सगळ्यांचीच नजर खाली होती. शर्यतीचा मार्ग मोजणारे लोक सायकलच्या चाकाला मोजणीयंत्र लावून, वळणावर कडेपासून ३० सेंटीमीटर अंतर राखून सर्वांत जवळची रेषा मोजतात, आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून प्रत्येक हजार मीटरमागे एक मीटर जास्त धरतात. इतक्या काटेकोरपणे मोजलेली ती रेषा त्या दिवशी नेमकी पाण्याखाली होती, कारण पाणी कडेलाच साचते. प्रत्येक वळण सगळ्यांना लांबून घ्यावे लागले, आणि पाच किलोमीटरच्या शर्यतीत आम्ही सगळ्याच जणी पाचापेक्षा थोडे अधिक धावलो.

त्या लांब वळणांनी एक चांगली गोष्ट केली. एरवी पहिल्या किलोमीटरनंतर जो तो आपापल्या घड्याळाकडे पाहत सुटा होतो. त्या दिवशी घड्याळाच्या काचेवर पाण्याचे थेंब पडून भलतेच आकडे उमटत होते, तेव्हा वेगाचा अंदाज घ्यायला शेजारणीच्या श्वासाशिवाय दुसरे साधन नव्हते. वारा समोरून होता. आमच्या चौघी-पाचजणी न ठरवता आळीपाळीने पुढे होऊन वारा अंगावर घेऊ लागल्या. २०१८ साली बॉस्टन मॅरेथॉन अशाच पावसात आणि समोरच्या वाऱ्यात झाली होती, तेव्हा अमेरिकेची धावपटू डेझिरे लिंडेन शर्यतीतल्या शेलेन फ्लॅनगनसाठी थांबली, नंतर आणखी एक धावपटू मॉली हडल हिला पुढच्या घोळक्यापर्यंत नेऊन सोडले, आणि तरीही २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत ती शर्यत तिनेच जिंकली. माझ्या मते वादळी पावसात धावायचे कसे याचे त्याहून चांगले उदाहरण नाही.

आमच्या शर्यतीत सांघिक निकाल प्रत्येक क्लबच्या पहिल्या तिघींच्या क्रमांकांची बेरीज करून लावतात, आणि जिथे बेरीज सर्वांत कमी तो संघ पहिला. यामुळे संघाचे भवितव्य वेगवान मुलींपेक्षा तिसरीच्या हातात असते. आमच्या दोघी चौथ्या आणि सातव्या आल्या. आमच्याशी चुरस असलेल्या संघाच्या दोघी दुसऱ्या आणि सहाव्या. मग अंतिम रेषेपाशी तिसरीची वाट पाहणे सुरू झाले. पावसाच्या पडद्यातून रंग ओळखू येत नव्हते, फक्त हालचाल दिसत होती.

आमची तिसरी ही क्लबमध्ये नुकतीच आलेली, आधी कधीही संघासाठी न धावलेली मुलगी होती. ती दिसली तेव्हा तिचा एक हात छातीशी आवळलेला होता. दुखापत झाली असे वाटून आम्ही पुढे सरसावलो. प्रत्यक्षात तिचा कागदी क्रमांक भिजून पिनांपाशी फाटला होता, आणि तो वाहून गेला तर नोंद होणार नाही म्हणून तिने तो अर्ध्या वाटेपासून मुठीत धरून आणला होता. रेषा ओलांडताना तिने तो दोन्ही हातांनी उलगडून नोंद करणाऱ्यांपुढे धरला. तिथे आमचे एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून, शाई पसरते म्हणून पेन्सिलीने, क्रमांक लिहून घेत होते. ती दहावी आली. समोरच्या संघाची तिसरी तेरावी. दोन्ही बेरजा एकवीस! बरोबरी झाल्यास ज्या संघाची तिसरी आधी पोहोचली तो संघ वरचा, असा नियम आहे, आणि तो तोपर्यंत आमच्यापैकी बहुतेकींनी कधी नीट वाचलेलाही नव्हता.

निकाल कळल्यावर कोणी आडोशाला गेले नाही, कारण ताई अजून मार्गावर होत्या. जिंकलेल्या, हरलेल्या, दोन्ही संघांच्या मुली उलट्या दिशेने शेवटच्या वळणापर्यंत गेल्या आणि रस्त्याच्या कडेने त्यांच्याबरोबर धावत परत आल्या. ताईंनी शेवटच्या शंभर मीटरला खरोखर वेग वाढवला, आणि बरोबरच्या दोन तरुण मुली मागे पडल्या. नंतर मात्र काकूंनी सगळ्यांना ओले कपडे ताबडतोब बदलायला लावले, कारण धावणे थांबले की भिजलेले अंग फार लवकर गार पडते.

त्या वर्षापासून आमच्या बक्षीस समारंभात एक बदल झाला, आणि तो कोणीही ठराव न मांडता झाला. सांघिक बक्षीस जाहीर करताना पूर्वी सर्वांत आधी पोहोचलेल्या धावपटूचे नाव पहिले घेत असत. आता तिसरीचे नाव आधी घेतात आणि करंडक घ्यायला तीच पुढे जाते. जिंकलेला संघ दुसऱ्या क्लबचा असला तरी आमच्या मंचावर हीच पद्धत पाळली जाते. गेल्या काही वर्षांत दोन शेजारच्या क्लबांनीही आपल्या शर्यतींमध्ये ती सुरू केली आहे.