जांभळ्या झाकणाचे ३२ बल्ब

सकाळी साडेदहाला पहिला नमुना लावला आणि आकडा हललाच नाही. वाटलं, प्लाझ्मा टाकायलाच विसरले. पुन्हा टाकला. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर दर पंधरा सेकंदांनी तीच रडकी वाढ, म्हणजे चाचणीसाठी घातलेलं फिनाइल अ‍ॅसिटेट हे रसायन पाण्यात आपसूक जेवढं तुटतं तेवढीच. दुपारपर्यंत १२ नमुने झाले आणि माझ्या हिशेबाने १२ जणांपैकी कुणाच्याच रक्तात पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम नव्हतं. त्या १२ जणांत मी स्वतःही होते.

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं सेमिस्टर होतं. प्रोजेक्टचा विषय मीच हट्टाने घेतलेला: चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल, आणि त्याच्या अंगावर बसून फिरणारं पॅराऑक्सोनेज-१, या दोघांची पातळी एकमेकांबरोबर चालते का? एथिक्स कमिटीची परवानगी काढली, संमतीपत्रं मराठीत लिहून घेतली, कॉलेजातले ३२ शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी तयार केले. रक्त काढायला आलेल्या ताईंना म्हटलं, ‘लिपिड प्रोफाइलसाठी एक बल्ब आणि माझ्यासाठी एक.’ (रक्त घ्यायच्या नळीला आम्ही बल्ब म्हणतो.) माझ्यासाठीचा कोणता, ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. प्लेन बल्ब लिपिडला गेले आणि माझ्या वाट्याला जांभळ्या झाकणाचे आले. ईडीटीएचे.

ज्यांना बल्बच्या झाकणांची भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी: ईडीटीए रक्तातलं कॅल्शिअम पकडून ठेवतं. कॅल्शिअम नसेल तर रक्त गोठत नाही, म्हणून सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, हाच बल्ब लागतो. पण पॅराऑक्सोनेज उभंच कॅल्शिअमवर आहे. त्याचा आकार सहा पात्यांच्या पंख्यासारखा, आणि मधल्या बोगद्यात कॅल्शिअमचे दोन आयन. खोलवरचा एक आयन सगळी घडी धरून ठेवतो, दुसरा प्रत्यक्ष तोडण्याचं काम करतो. हे मी प्रोजेक्टच्या प्रस्तावात स्वतः लिहिलं होतं, पान ४ वर. प्रस्ताव लिहिताना ते वाक्य होतं, बल्ब मागताना ते आठवलं नाही.

माझ्या गाईड मॅडमना सांगायच्या आधी एक शहाणपणा करून पाहिला. कॅल्शिअम गेलंय ना, मग परत देऊ. एका नमुन्यात कॅल्शिअम क्लोराइड जरा सढळ हाताने टाकलं आणि चहाला गेले. परत आले तर बल्बमधल्या प्लाझ्माची जेली झालेली. अर्थातच! कॅल्शिअम परत दिल्यावर तो गोठणारच. दुसऱ्या नमुन्यात बेताने टाकलं, गोठू दिलं नाही, तरी क्रिया परत आली नाही. आतला आयन एकदा निघून घडी विस्कटली की नंतर कितीही कॅल्शिअम ओता, ती पुन्हा बसत नाही.

मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, ‘प्लेन बल्ब. नाहीतर हेपॅरिनचा. आणि संमती पुन्हा घे, जुन्या कागदावर दुसऱ्यांदा सुई टोचायची नाही.’ कमिटीकडे परत अर्ज, परत सह्या. ३२ पैकी २७ जण आले. उरलेल्या पाचांना मी दोष देत नाही.

मधल्या दोन आठवड्यांत पद्धत बसवली. इथेही ठेच लागायची तेवढी लागली. आमच्याकडे फॉस्फेट बफर नेहमी तयार असतो, म्हणून त्यातच कॅल्शिअम टाकलं, तर बाटली दुधासारखी पांढरी: कॅल्शिअम फॉस्फेट. मग ट्रिस बफर केला, पीएच ८. मापन २७० नॅनोमीटरला, म्हणजे अतिनील प्रकाशात, आणि आमच्या प्लास्टिकच्या क्युव्हेटमधून (नमुना ठेवायच्या चौकोनी नळीतून) तो प्रकाश पारच होत नाही. क्वार्ट्‌झच्या क्युव्हेटची अख्ख्या विभागात एकच जोडी, मॅडमच्या कपाटात कुलुपात. ती देताना त्यांनी किंमत सांगितली. मी ती जोडी महिनाभर दोन्ही हातांनी धरून फिरले.

आता हे एन्झाइम मोजतात कसं? नाव पडलं पॅराऑक्सॉनवरून. पॅराथिऑन हे कीटकनाशक यकृतात गेलं की त्याचं पॅराऑक्सॉन होतं, आणि खरं विष ते. आपल्या रक्तातलं हे एन्झाइम ते तोडू शकतं. पण एम.एस्सी.च्या पोरीच्या हातात पॅराऑक्सॉन कोण देणार! म्हणून फिनाइल अ‍ॅसिटेट. तेच एन्झाइम त्यालाही पाणी घालून तोडतं, फिनॉल सुटतं, आणि फिनॉल २७० ला प्रकाश जास्त शोषतं. आकडा ज्या वेगाने चढतो तो एन्झाइमचा वेग. यातून आपसूक तुटणारं वजा करायचं, हे विसरायचं नाही. शिवाय पॅराऑक्सॉन तोडण्याचा वेग माणसाच्या जनुकाप्रमाणे फार बदलतो. एन्झाइमच्या साखळीत १९२व्या जागी ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आहे की आर्जिनिन, यावर तो ठरतो. फिनाइल अ‍ॅसिटेटला त्याचा फारसा फरक पडत नाही, त्यामुळे रक्तात एन्झाइम साधारण किती आहे याचा अंदाज त्यावरून बरा येतो.

प्लेन बल्बमधलं पहिलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, लावलं तेव्हा आकडा मिनिटाला ०.१३ ने चढला. क्युव्हेटमध्ये सीरम ८०० पट विरळ झालेलं, फिनॉलचा प्रकाश शोषण्याचा गुणांक १३१०. कागदावर मांडलं तर मिलिलिटरमागे साधारण ८० युनिट. पुस्तकातल्या पट्ट्यात बसणारा आकडा. मी प्रयोगशाळेतल्या काकांना बोलावून दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि एसी बंद करायला सांगितला.

आता मूळ प्रश्न. एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण धमनीच्या भिंतीत शिरतात, तिथे त्यांच्यातल्या मेदाचं ऑक्सिडीकरण होतं, मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी असा खराब माल गिळत सुटतात आणि फुगून फेसाळ होतात. धमनीत चरबीची गाठ धरायला सुरुवात होते ती इथून. एचडीएल कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतं हे सगळ्यांना माहीत आहे. मँचेस्टरच्या मॅकनेस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं ते वेगळं: परीक्षानळीत तांब्याच्या साहाय्याने एलडीएल ऑक्सिडाइझ करताना शुद्ध केलेलं पॅराऑक्सोनेज घातलं तर मेदाची पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिडीकरणाने बिघडलेला मेद, कमी साचतात. १९९८ मध्ये अमेरिकेत या एन्झाइमचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचं एचडीएल एलडीएलला वाचवू शकेना, आणि चरबीचा खुराक दिल्यावर त्यांच्या धमन्या जास्त खराब झाल्या. म्हणजे गाडी तीच, फक्त तिच्यावरचा मेकॅनिक उतरवला होता.

गाडीवर तो बसतो कसा, हा मला सगळ्यात आवडलेला भाग. पेशीबाहेर पडणाऱ्या प्रथिनांना सुरुवातीला एक शेपटी असते, पत्त्याच्या चिठ्ठीसारखी, आणि बाहेर पडता पडता ती कापली जाते. पॅराऑक्सोनेजची कापली जात नाही. तिचा भाग पाण्याला लांब ठेवणारा, म्हणून ती एचडीएलच्या मेदात आकड्यासारखी रुतते. वरून एचडीएलचं मुख्य प्रथिन, अ‍ॅपो ए-१, त्याला स्थिर ठेवतं. एचडीएलपासून सुटलं तर एन्झाइम लवकर ढेपाळतं.

माझ्या २७ जणांत काय निघालं? एचडीएल जास्त तर एन्झाइम जास्त, असा अगदी पुसट कल. पण दोन नमुने मी वहीत लाल पेनाने गोल केले: दोघांचंही एचडीएल ४४, आणि एन्झाइमचा वेग एकाचा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. २७ माणसांवरून कुणी काही सिद्ध करत नाही, मीही नाही. पण रिपोर्टवरचा एचडीएलचा आकडा त्या कणांतलं कोलेस्टेरॉल मोजतो, त्यांच्यावर कोण बसलंय ते मोजत नाही, एवढं मला त्या लाल गोलांनी पटवलं. २००६ मध्ये टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. एचडीएल भरघोस वाढलं होतं आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यूही जास्त झाले होते. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता, त्यामुळे सगळा दोष एचडीएलच्या माथी मारता येत नाही. तरी नुसता आकडा वाढवण्यातली हवा तिथेच निघाली.

याच काळात घरी फोन झाला. आमचं शेत यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीचं. मी उत्साहाने बाबांना सांगितलं की फवारणीच्या औषधाचं विष तोडणारं एन्झाइम आपल्या रक्तातच असतं, क्लोरपायरिफॉसचं सुद्धा. बाबा म्हणाले, ‘मंग फडकं बांधाचं कायले थोबाडाले?’ मला घाम फुटला. २०१७ च्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ‘फडकं नाही, मास्क लावा. हातमोजे घाला. वाऱ्याच्या उलट मारू नका. रक्तातलं एन्झाइम एवढ्या मोठ्या डोसला पुरत नाही.’ ते हसले. मला मात्र त्या रात्री प्रबंधातलं एक वाक्य खोडावंसं वाटलं, आणि मी ते खोडलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आकडे बघितलेच नाहीत. शीर्षकावर बोट ठेवलं. ‘अँटिऑक्सिडंट एन्झाइम म्हणता. यात ऑक्सिडेशन-रिडक्शन कुठे होतं ते दाखवा.’ अर्धा मिनिट मी गप्प. मग मी म्हणाले, ‘कुठेच होत नाही, सर. हे हायड्रोलेज आहे. इलेक्ट्रॉन देत-घेत नाही, पाणी घालून बंध तोडतं. ऑक्सिडीकरणाने तयार झालेला मेदाचा खराब माल कमी होतो, म्हणून परिणामावरून अँटिऑक्सिडंट म्हणतात. शरीरात ते नेमका कोणता रेणू तोडतं यावर अजून वाद आहे. त्याचं मूळ काम लॅक्टोन नावाची कड्यासारखी संयुगं तोडण्याचं असावं, असं बरेच जण मानतात.’

‘मग शीर्षकात तो शब्द कशाला?’

‘काढते, सर.’

बांधून झालेल्या चार प्रतींवर तो तसाच राहिला. जांभळे बल्ब ऑटोक्लेव्ह करून काकांनी लाल पिशवीत टाकले. क्युव्हेट परत दिल्या तेव्हा मॅडमनी दोन्ही खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहिल्या, डबीत ठेवल्या, आणि कुलूप दोनदा ओढून बघितलं.