उताराचं रान आणि ब्रेकची पट्टी

ट्रॅक्टर मी शिकलो मामाच्या गावी, बारामतीकडं, उसाच्या सपाट रानात. आमची जमीन पुरंदरची, डोंगराच्या कुशीतली. वरच्या पट्टीत नारळ सोडला तर खालच्या बांधालाच थांबेल.

पहिल्याच उन्हाळ्यात सकाळी रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं ट्रॅक्टरमागचं अवजार, मारला आणि दुपारी वेचलेले दगड ट्रॉलीत भरून खाली निघालो. रोटर मारताना कडेला वळायला एकाच बाजूचा ब्रेक लागतो, म्हणून दोन्ही पेडल जोडणारी पट्टी काढलेली होती. ती तशीच राहिली. उताराला लागल्यावर वेग वाढला, आणि सपाटीच्या सवयीनं मी क्लच दाबला. झालं! इंजिन धरून ठेवत होतं ते सुटलं आणि दगडांची ट्रॉली मागून ढकलायला लागली. घाबरून ब्रेक मारला तो एकट्या उजव्या पेडलवर. ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडं फिरला, ट्रॉली तिरकी झाली, हुक कडाडला. पुढचं चाक तालीच्या मातीत घुसलं आणि इंजिन बंद पडलं. डावीकडं नऊ-दहा फुटांचा धस, म्हणजे सरळ तुटलेला कडा होता.

शेजारचे अण्णा पळत आले. शिव्या दिल्या नाहीत, त्याचंच जास्त वाटलं.

"उद्या रिकामी ट्रॉली घेऊन ये," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आधी चालायला लावलं. काठीनं गवत बाजूला सारून दगड, घुशींची बिळं, ओल बघायची. मग म्हणाले, "ज्या गियरात चढशील, त्याच गियरात उतर. गियर उतार लागायच्या आधी वरच टाकायचा, मधी बदलायचा नाय. आणि पाय क्लचवरनं काढून खाली ठेव." तो पाय खाली ठेवणं मला सगळ्यात जड गेलं. तीन दिवस आपोआप वर यायचा.

मागची चाकं बाहेर घेऊन रुंदी वाढवली. जॅक, टॉमी आणि गंजलेले नट यात अख्खी दुपार गेली. उतारावर आडवं चालवणं शक्यतो बंद. ट्रॅक्टर कलंडतोय वाटलं तर स्टिअरिंग उताराकडं फिरवायचं, हे मनाला पटायलाच वेळ लागला, कारण हात आपसूक वर वळतात. झाडाचा बुंधा ओढायचा तर साखळी मागं खाली असलेल्या ड्रॉबारच्या दांडीलाच; वर, अवजाराचा टॉपलिंक जोडतात त्या जागी बांधली की नाक उचलतं आणि मागं उलथायला दीड सेकंदही लागत नाही. मडगार्डवर पोरं बसवणंही बंद, रुसली तरी.

आमच्या ट्रॅक्टरला नुसती ताडपत्रीची छत्री आहे, ती उन्हापुरती. ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा चिरडू नये म्हणून लोखंडी कमान आणि सीटचा पट्टा बसवायचा आहे. कमान नसताना नुसता पट्टा लावण्यात अर्थ नाही, उलटलाच तर माणूस खालीच अडकतो.

वरच्या पट्टीचा उत्तरेचा कोपरा मात्र मी सोडून दिला. तिथं दरवर्षी भाड्याची बैलजोडी लावतो. अण्णा त्यावरून चिडवतात, पण बैलवाल्याला सांगायला तेच जातात.