19 वरून 23: गुडघा बदलल्यानंतरचा स्कोअर वाचताना

गुडघा बदलण्याआधी आणि नंतर पेशंटकडून ऑक्सफर्ड नी स्कोअर (नी म्हणजे गुडघा; त्याचं दुखणं आणि हालचाल मोजणारी प्रश्नावली) भरून घेणं आणि तो वाचणं हे माझं रोजचं काम. प्रश्न 12, प्रत्येकी 0 ते 4 गुण, एकूण 48. गुण जास्त तितका गुडघा चांगला. 1998 साली हा फॉर्म आला तेव्हा मात्र गणित उलटं होतं: 12 ते 60, आणि कमी गुण चांगले. म्हणून जुन्या फाइलमधला आकडा मी आधी 60 मधून वजा करते. नाहीतर बरा झालेला पेशंट कागदावर बिघडलेला दिसतो.

दोनपर्यंत उत्तरं कोरी असली तर बाकीच्यांची सरासरी तिथे भरते. तीन कोरी असली की बेरीजच नाही, सरळ फोन. गुडघे टेकून उठण्याचा प्रश्न हमखास सुटतो, कारण 'जमत नाही' आणि 'करूनच पाहिलं नाही' यांत लोकांचा गोंधळ होतो.

आता समजा, स्कोअर 19 चा 23 झाला. चार गुण मापनाच्या चढउतारातही हलतात. एका पेशंटला खरंच फरक पडला म्हणायला मी 7 च्या आसपास वाढ धरते. (5 चा आकडाही वाचनात येतो, पण तो दोन गटांची तुलना करण्यासाठी.) तरी 'फरक नाही' असा शेरा मारण्याआधी एकेक प्रश्न बघायचा. रात्रीचं दुखणं 0 वरून 3, चालणं 1 वरून 3, लंगडणं 1 वरून 3: इथेच 7 गुण वाढले. गुडघे टेकणं 2 वरून 0 आणि जिना उतरणं 2 वरून 1, म्हणून 3 गेले. या पेशंटला झोप लागतेय. जिन्यासाठी मांडीच्या स्नायूंची ताकद तपासायला फिजिओकडे पाठवायचं. याउलट जो 44 वरच सुरू झाला, त्याला वाढायला जागाच चार गुणांची.

प्रश्न गेल्या 4 आठवड्यांबद्दल असतात, त्यामुळे सहाव्या आठवड्याचा फॉर्म ऑपरेशनचंच दुखणं मोजतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत 2009 पासून नंतरचा फॉर्म सहा महिन्यांनी घेतात, मीही तेच पाळते. डावा की उजवा, हे वर ठळक लिहायचं, कारण दुसरा गुडघा दुखत असला की उत्तरं त्याचीच येतात. पहिला फॉर्म काकूंनी भरला आणि दुसरा सुनेने, तर ती तुलना मी धरत नाही.

आधीचा फॉर्म राहून गेला तर 'तेव्हा कसं होतं?' असं विचारून तो मागाहून भरायचा नाही. आज बरं वाटत असलं की आधीचं दुखणं वाढवून सांगितलं जातं. फरकाचा रकाना मग कोराच ठेवते.